कॉलम स्पीकर, सीरियल कन्व्हर्टर आणि ‘ए-बी’चा जुना घोळ : पार्श्वभूमी

विमानतळावर किंवा मोठ्या रेल्वे स्थानकात भिंतीला सपाट लावलेला उंच, अरुंद स्पीकर स्वतः जराही न झुकता आवाज खाली माणसांकडे वळवतो. आत ओळीने बसवलेल्या प्रत्येक लहान स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि प्रत्येकाला आवाज किंचित वेगळ्या क्षणी मिळतो. शेजारच्या दोन स्पीकरमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल आणि झोत ५ अंश खाली न्यायचा असेल, तर खालच्याला वरच्यापेक्षा साधारण २५ मायक्रोसेकंद उशीर द्यावा लागतो. असे आकडे, शिवाय फिल्टर आणि पातळ्या, संगणकावर ठरतात आणि एका तारेतून स्पीकरमध्ये उतरवले जातात. कार्यक्रमाचा आवाज या तारेतून जात नाही, तो वेगळ्या केबलने येतो. इथे विषय आहे तो सूचना नेणाऱ्या दुर्लक्षित तारेचा.

कॉलम स्पीकर हा प्रकार जुनाच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उंच कॉलम लावले गेले आणि लांबच्या श्रोत्यांसाठी आवाज चुंबकीय यंत्रणेने मुद्दाम उशिरा सोडला गेला. तेव्हा झोत वळवायचा म्हणजे अख्खा कॉलम तिरका करायचा. डिजिटल सिग्नल प्रोसेसर पुरेसे स्वस्त झाले तेव्हा चित्र पालटलं. १९९० च्या आसपास ब्रिटनमध्ये घरगुती वापराचे डिजिटल इनपुटचे स्पीकर बाजारात आले होते. पुढे त्याच दशकात नेदरलँड्समधून प्रोसेसर पोटात असलेले कॉलम आले आणि सार्वजनिक उद्घोषणेचं काम त्यांनी बदलून टाकलं.

आता या कॉलमशी बोलायचं कसं? त्या काळच्या प्रत्येक पीसीच्या पाठीमागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असायचा. त्यामागचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं, टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी केलेलं. त्यात एका तारेवरचा व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत मोजतात : ३ ते १५ व्होल्ट अधिक म्हणजे शून्य, तेवढाच उणे म्हणजे एक. जुन्या मानकात केबलची मर्यादा ५० फूट, म्हणजे जेमतेम १५ मीटर. शिवाय एका पोर्टला एकच यंत्र. फलाटाच्या एका टोकाला बसलेल्या कंट्रोल रूममधून दुसऱ्या टोकाच्या बारा कॉलमना सूचना द्यायच्या तर हे कुठेच पुरत नाही.

पुरणारं मानक १९८३ मध्ये आलं होतं, आरएस-४८५. यात सिग्नल दोन तारांमधल्या फरकात असतो. दोन्ही तारांवर सारखाच खरखराट आला तर तो वजाबाकीत जातो. कमी वेगात १२०० मीटरपर्यंत पल्ला, एका जोडीवर ३२ यंत्रं, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. स्पीकरला द्यायचे संदेश असतात मोजके बाइट : ‘पत्ता ७, पातळी तीन डेसिबलने कमी’, ‘पत्ता ९, तापमान सांग’. त्यांना वेग लागत नाही, पल्ला लागतो. म्हणून पीसीच्या २३२ पासून भिंतीवरच्या ४८५ पर्यंत नेणारी काडेपेटीएवढी डबी या धंद्यात रुळली. तोच सीरियल कन्व्हर्टर.

सुरुवातीला ही डबी इन्स्टॉलरच्या बॅगेत असे. झोत सेट केला, फाइल उतरवली, केबल काढून निघालं. १९९८ मध्ये युरोपात आपत्कालीन ध्वनियंत्रणांचं मानक आलं आणि बिघाड झाल्यापासून १०० सेकंदांत तो कळलाच पाहिजे अशी अट आली. आगीच्या वेळी ‘बाहेर पडा’ सांगणारा स्पीकर मुका आहे हे आगीच्याच वेळी कळून उपयोग नाही. मग संगणक किंवा कंट्रोलर कायमचा जोडलेला राहू लागला, प्रत्येक कॉलमला आळीपाळीने ‘आहेस का?’ विचारत.

इथवर सगळं सुरळीत. पण ज्याने हे वायरिंग हाताने केलं आहे त्याला विचारा. तो मानकाबद्दल बोलणार नाही, ‘ए’ आणि ‘बी’बद्दल बोलेल.

४८५ च्या मानकात दोन तारांना ए आणि बी अशी नावं दिली आहेत. त्यात म्हटलंय की बायनरी एक असताना, म्हणजेच लाइन शांत असतानाही, ए ही बी पेक्षा उणे असावी. नेमकं उलट केलं ते चिप बनवणाऱ्यांनी. सर्वात जास्त खपलेल्या ट्रान्सीव्हर चिपांच्या, म्हणजे लाइनवर पाठवणं आणि ऐकणं दोन्ही करणाऱ्या चिपांच्या डेटाशीटमध्ये ए म्हणजे न उलटणारी बाजू आणि बी म्हणजे उलटणारी. त्या चिपमध्ये एक पाठवायचा असला की ए वर जाते. ‘मानक लाइनवरची अवस्था सांगतं, चिपच्या आत कोणत्या लॉजिकला काय म्हणायचं ते सांगत नाही’ असा बचाव चिपवाल्यांच्या बाजूने अजूनही होतो. कागदावर तो टिकतोही. पण शिडीवर चढलेल्या माणसाला कागद दिसत नाही, टर्मिनलवर छापलेलं एक अक्षर दिसतं.

मग प्रत्येक उपकरणाने आपापली बाजू निवडली. ज्याच्या इंजिनिअरने चिपच्या डेटाशीटवरून पट्टी छापली त्याची ए अधिक. कारखान्यांतली यंत्रं जोडणाऱ्या मॉडबस आणि प्रोफीबस या पद्धतींनी मानकाची बाजू धरली : प्रोफीबसच्या केबलमध्ये लाल तार बी, आणि ती अधिक. रंगमंचाच्या दिव्यांचं डीएमएक्स हे मानक १९८६ चं. तेही ४८५ वरच उभं आहे, पण त्या लोकांनी शहाणपणा करून डेटा-उणे आणि डेटा-अधिक असं लिहिलं आणि भांडणातून सुटले. एकाच सभागृहात एकाच इलेक्ट्रिशियनने दिव्यांची लाइन पहिल्या फटक्यात चालू केली आणि स्पीकरच्या लाइनवर दुपार घालवली, असं होतं ते यामुळे.

तारा उलट जोडल्याने काही जळत नाही, आणि त्रास नेमका तिथेच आहे. जळलं असतं तर लगेच कळलं असतं. उलट जोडलेल्या कॉलमला शांत लाइनच सतत शून्य पाठवल्यासारखी वाटते. तो कधीच उत्तर देत नाही, मेला असावा असं वाटतं आणि कंपनीकडे परत जातो. तिथे टेबलावर तो ठणठणीत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे, त्या कॉलममध्ये लाइन शांत ठेवण्यासाठी स्वतःचे बायस रेझिस्टर असले तर ते बाकीच्यांच्या विरुद्ध ओढतात, आणि मग सगळ्याच साखळीत अधूनमधून चुका येतात. मल्टिमीटर हाच यावर खरा इलाज आहे : फक्त कन्व्हर्टर आणि त्याचे बायस चालू ठेवा, कोणी बोलत नसताना दोन तारांमधला व्होल्टेज मोजा. जी तार वर, ती अधिक. वर छापलेलं अक्षर काहीही असो.

‘४८५ ला दोनच तारा लागतात’ हाही असाच पसरलेला अर्धवट समज. दोन तारा सिग्नलच्या, हे खरं. पण रिसीव्हरला जमिनीच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढाच फरक सहन होतो. लांबच्या फलाटावर दोन टोकांचं अर्थिंग वेगळं असलं की हा फरक सहज ओलांडला जातो. दोन्ही टोकांची जमीन जोडणारी तिसरी तार किंवा दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर, दोन्हीपैकी एक हवंच. हे पैसे वाचवणाऱ्याचे पहिल्या पावसाळी विजेत दोनतीन पोर्ट जातात.

कन्व्हर्टरची आणखी एक अडचण दिशेची. दोन तारांवर एका वेळी एकच बोलू शकतो, त्यामुळे पाठवून झालं की कन्व्हर्टरने पटकन ऐकायला वळलं पाहिजे. जुन्या डब्यांत हे आरटीएस या पिनने संगणक करायचा. एका वेळी एकच काम करणाऱ्या डॉसमध्ये ते जमायचं. विंडोज एकाच वेळी दहा कामं करतं, ते वळायला उशीर करायचं आणि कॉलमच्या उत्तराचे पहिले बाइट कापले जायचे. पुढे आपोआप दिशा बदलणारे कन्व्हर्टर आले आणि हा त्रास बराचसा गेला.

तोवर पीसीवरचा पोर्टच नाहीसा होऊ लागला. यूएसबी १९९६ चं. २००० च्या दशकात लॅपटॉपवरून नऊ पिना हटल्या आणि यूएसबी-टू-४८५ कन्व्हर्टर आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही ते सुटे, पिशवीत मिळतात. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला की पोर्टचा नंबर बदलतो, आणि कॉलमचं जुनं सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पुढे बघतच नाही. या कन्व्हर्टरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध चिपच्या ड्रायव्हरमध्ये आलेले बाइट १६ मिलिसेकंद धरून ठेवण्याची मुळातली सेटिंग असते. आळीपाळीने विचारणाऱ्या यंत्रणेत हा वेळ प्रत्येक उत्तरामागे मोजावा लागतो. तो आकडा कमी करता येतो, पण डिव्हाइस मॅनेजरच्या आतल्या एका खिडकीत, जिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

याच चिपच्या कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये नकली चिपांवर कारवाई केली. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिच्यात उत्पादनाचा क्रमांक शून्य लिहून टाकला. कन्व्हर्टर संगणकाला दिसेनासाच झाला. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ च्या आवृत्तीत मार्ग बदलला : नकली चिप असेल तर डेटाच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ हे वाक्य. आपली चिप वाचवण्याचा कंपनीला हक्क होताच. पण शिक्षा झाली ती पिशवीतला कन्व्हर्टर विश्वासाने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला. नकली चिप विकणाऱ्याचे पैसे केव्हाच खिशात गेले होते.

नवे कॉलम आता इथरनेटवर येतात, आवाज आणि सूचना एकाच केबलमधून. जुने मात्र भिंतीवरच आहेत, कारण चांगला कॉलम वीस वर्षं टिकतो आणि बदलायचा तर मचाण बांधावं लागतं. त्यांच्यासाठी नेटवर्कवर बसून ४८५ च्या तारांशी बोलणारे सीरियल सर्व्हर लावतात आणि लॅपटॉपमध्ये खोटा कॉम पोर्ट तयार करतात. त्यात मूळ सॉफ्टवेअरची वाट पाहण्याची मुदत थोडी वाढवावी लागते, नाहीतर उत्तर नेटवर्कमधून येईपर्यंत सॉफ्टवेअर तो कॉलम बंद असल्याचं जाहीर करून मोकळं होतं.