चरबीची गाठ की मास्ट सेल ट्यूमर?

कुत्र्याला कुरवाळताना बरगडीपाशी लिंबाएवढी मऊ गाठ हाताला लागते आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘चरबीची असेल, वय झालंय आता त्याचं.’ पुष्कळदा ते खरंही असतं. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, उतारवयातल्या आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांत नेहमी दिसते. ती कातडीखाली सरकते, दुखत नाही, हळूहळू वाढते. काखेत येऊन चालताना अडत नसेल किंवा फार मोठी होत नसेल, तर ती काढण्याची गरजही नसते.

भीती वाटते ती मास्ट सेल ट्यूमरची. कुत्र्यांच्या कातडीच्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात विशेष. त्याला ठरावीक रूप नाही. कधी लालसर, केस गेलेला फोड, कधी चामखिळीसारखा उंचवटा, तर कधी थेट चरबीच्या गाठीसारखाच मऊ गोळा. एक खूण मात्र लक्षात ठेवावी: आज फुगलेली गाठ चार दिवसांनी बसते आणि पुन्हा फुगते. ही गाठ मास्ट सेल नावाच्या पेशींची असते आणि त्या पेशींत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत सूज आणणारं रसायन, भरलेलं असतं. गाठ दाबली, चोळली की ते बाहेर पडतं, भोवतालची कातडी लाल होऊन सुजते. ते रक्तात गेलं की पोटात आम्ल वाढतं, मग उलट्या, कधी काळ्या रंगाची शी. म्हणून कृपा करून गाठीला तेल लावून मालीश करू नका.

नुसत्या हाताने चाचपून अनुभवी डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर घेतात. बहुतेक वेळा भूलही लागत नाही. चरबी असेल तर काचेवर तेलकट थेंब दिसतात. मास्ट सेल असतील तर रंग दिल्यावर जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसतात.

उपचार इथेच वेगळे होतात. लायपोमा काढायचाच झाला तर तेवढी गाठ काढून भागतं. मास्ट सेल ट्यूमरच्या बाजूची साधारण २ सेंटीमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थरही काढावा लागतो. ही गाठ ‘चरबीची’ समजून कडेकडेने काढली, तर पेशी मागे राहतात आणि दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. काढलेल्या गाठीची ग्रेड, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे ते, बायोप्सीत कळते. ती वरची निघाली किंवा रोग लसिकाग्रंथींत पोचला असेल, तर व्हिन्ब्लास्टिन आणि प्रेडनिसोलोन यांसारखी औषधं द्यावी लागतात.

आणि एक गाठ चरबीची निघाली म्हणून शेजारची तशीच असेल असं धरू नका. दोन्ही प्रकार एकाच कुत्र्याच्या अंगावर असू शकतात, म्हणून प्रत्येक नव्या गाठीला स्वतंत्र सुई लावून घ्या.