डोळे आधी भरतात, नाव मागून येतं

बेळगावात वडगावला राहणारी माझी मावशी बाजारात कन्नडमधून अशी घासाघीस करते की दुकानदार हात टेकतो. घरी मात्र टीव्हीवर मराठी वाहिनी. गेल्या दिवाळीत एक जाहिरात लागायची. रात्रीच्या गाडीनं आलेला मुलगा, दारात पणती घेऊन उभी आई, दोघांच्या हातांत मिळून धरलेला मिठाईचा डबा. आई एवढंच म्हणते, "आलास का रे?" मावशीचा पदर दर वेळी डोळ्यांकडे जायचा. तीच जाहिरात एकदा कन्नड वाहिनीवर लागली. शब्द न् शब्द तिला कळला, पण हात शेंगा निवडतच राहिले.

असं का होतं, याचा माग संशोधकांनी काढलाय. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषेच्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या त्वचेची वीजवाहकता मोजली. भावना उसळली की तळवे-बोटं किंचित घामेजतात आणि हा आकडा वाढतो. लहानपणी घरच्यांनी रागावताना वापरलेली वाक्यं तुर्कीत ऐकल्यावर तो जास्त वाढला. आईची भाषा आपण पुस्तकातून शिकत नाही. माया, मार, भूक, ताप यांच्यासकट ती अंगात मुरते. मला तर वाटतं, जाहिरातीतली आई आमच्याकडच्यासारखं "आलास व्हय रं?" म्हणाली असती, तर मावशी हुंदके देऊन रडली असती.

पण रडण्यानं डबा कसा खपतो? भावना जागी झाली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, आणि मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला शेजारच्या, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, हे नीट जपून ठेव. यातला ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा वाटा लॅरी कॅहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिला. लोकांना त्यांनी चित्रांसह एका मुलाच्या अपघाताची गोष्ट सांगितली. काहींना आधी ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. आठवड्यानं विचारलं, तर या लोकांना गोष्टीतला हळवा भाग इतरांपेक्षा कमी आठवत होता. साधा भाग मात्र बरोबरीनं आठवला.

इथंच जाहिरातवाल्याची खरी कसोटी असते. भावनेच्या भरात मन मधली गोष्ट घट्ट धरतं आणि कडेची सोडून देतं. शेवटी कोपऱ्यात कंपनीचं नाव झळकवलं, तर रडणाऱ्याला ते दिसतही नाही. म्हणून डबा थेट आई-लेकाच्या हातात, आसवांच्या ऐन क्षणी.

धनत्रयोदशीला मावशीबरोबर गणपत गल्लीत गेलो होतो. पणत्या, वाती, उदबत्ती, सगळं कन्नडमधून घेऊन झालं. मिठाईपाशी ती अडखळली. नाव काही आठवेना. मग दुकानदाराला मराठीतच म्हणाली, "त्यो पोरगा रात्री घरला येतोय बघा, आई दारात हाय... त्यातला डबा द्या."

त्यानं न विचारता बरोबर तोच काढून दिला.