स्तन पूर्ण काढला तरच जीव वाचतो?

स्तनाचा कर्करोग म्हटला की आजही घरची मंडळी म्हणतात, ‘अख्खा स्तनच काढून टाका, जिवाला घोर नको.’ हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांच्या १९७६मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या स्त्रियांचे, कोणाच्याही पसंतीने नव्हे तर चिठ्ठी टाकल्यासारखे, गट पाडले. २० वर्षांनंतरही फक्त गाठ काढलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मात्र गाठ काढल्यावर किरणोपचार परस्पर टाळू नका, हे कळकळीने सांगते: ते न घेतलेल्या सुमारे ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला, घेतलेल्यांत १४ टक्के. गाठी स्तनभर पसरलेल्या असतील, तर पूर्ण स्तन काढणंच योग्य ठरू शकतं.