म्हशीच्या डोळ्यात बघता येतं, साहेबांच्या नाही, असं का?

परवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. जो माणूस डोळ्यात बघून बोलत नाही त्याच्या मनात पाप असतं, आणि कुत्र्याला पापी माणूस लांबूनच ओळखू येतो, म्हणून कुत्रं ज्याच्या डोळ्यात बघतं तो माणूस शुद्ध मनाचा. खाली नुसते हात जोडलेले इमोजी. आता यातलं पहिलं वाक्य चूक, दुसरं त्याहून चूक, पण दोन्हींच्या मध्ये एक खरा आणि लई इंटरेस्टिंग प्रश्न लपलाय, तो कुणी विचारतच नाही.

प्रश्न असा की बऱ्याच लोकांना माणसाच्या डोळ्यात बघायला जड जातं पण जनावराच्या डोळ्यात बघायला अजिबात जात नाही. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही इंटरव्ह्यूच्या क्लासात जाऊन बघा, हुशार पोरं-पोरी असतात, सगळी उत्तरं पाठ, आणि समोर सर बसले की नजर टेबलावर. मग त्यांना सांगतात डोळ्यात नको तर भुवयांच्या मधे बघा. तीच पोरगी घरी जाऊन मांजराकडे टक लावून निवांत बसते. किंवा गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला गेलेला माणूस, ओळखीचं कुणी दिसलं तर मोबाईल काढून त्यात बघणार, पण म्हशीच्या डोळ्यात बघत उभा राहील ग्लास संपेपर्यंत.

आधी ते पापाचं निपटून टाकू. 'खोटारडा माणूस नजर चुकवतो' हा समज जगभर आहे, २००६ साली अठ्ठावन्न देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा कसा ओळखता, तर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर हेच. आणि प्रत्यक्ष खोटं बोलणाऱ्यांवर जे प्रयोग झाले ते सगळे एकत्र करून तपासले तर नजर चुकवण्याचा आणि खोटेपणाचा धड संबंधच सापडत नाही. उलट सराईत थापाड्या तुमच्या डोळ्यात बघूनच थाप मारतो, कारण हा समज त्यालाही माहीत असतो.

मग नजर जड का होते? लाजाळूपणा, कॉन्फिडन्स कमी, संस्कार, ही सगळी उत्तरं आहेत पण वरवरची. खरी गंमत डोळ्याच्या पांढऱ्या भागात आहे.

आरशात बघा. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं ना, तेवढं पांढरं उघडं असणं ही प्राणीजगात दुर्मिळ गोष्ट आहे. १९९७ साली हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा या जपानी संशोधकांनी माकडं आणि वानरांच्या डोळ्यांशी तुलना करून दाखवलं की माणसाचा हा भाग सगळ्यात जास्त उघडा आणि वर पांढराफेक, बाकीच्यांत तो बहुतेक वेळा तपकिरी, म्हणजे बुबुळात मिसळून जाणारा. (नंतर पांढऱ्या डोळ्यांचे काही चिंपांझीही सापडले, तेव्हा 'फक्त माणसातच' असं कुणी छातीठोक सांगितलं तर थांबवा.) पांढऱ्यावर काळं असल्यामुळे बुबुळ केसभर सरकलं तरी समोरच्याला कळतं. माणसाचा डोळा म्हणजे हलगी आहे, कुठं बघतोय ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. शिकार मिळून करायची, पोरं मिळून सांभाळायची, तर कोण कुठं बघतोय हे कळलेलं सगळ्यांच्याच फायद्याचं, म्हणून असा डोळा टिकला असावा असं एक मत आहे.

आणि ही हलगी ऐकणारा कान मेंदूत फार खोल बसवलाय. इथं जरा दम धरून वाचा. डोळ्यातून निघालेली माहिती मुख्यतः मेंदूच्या मागच्या बाजूला दृश्य कॉर्टेक्सकडे, म्हणजे बघण्याचं काम करणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जाते, तिथं चेहरा, रंग, बारकावे नीट तपासले जातात, हे शाळेतलं. पण थोडे धागे वेगळ्या जुन्या वाटेनं जातात: रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यापासून सुपिरिअर कॉलिक्युलस, तिथून पल्विनार (ही दोन्ही मेंदूच्या आतली ठाणी), तिथून अमिग्डाला, म्हणजे भीती-धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतला भाग. ही वाट बारकावे ओळखत नाही, तिला फक्त ढोबळ गडद-फिकट कळतं, ज्याला लो स्पॅशियल फ्रिक्वेन्सी म्हणतात आणि जी रेटिनातल्या मोठ्या मॅग्नोसेल्युलर पेशी वाहून नेतात. पण दोन डोळे आपल्याकडे रोखलेत का, एवढं समजायला ढोबळ गडद-फिकट पुरतं. या वाटेला किती महत्त्व द्यायचं यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं आहेत, तरी दोन प्रयोग मला फार आवडतात.

पहिला २००४ सालचा. लोकांना घाबरलेल्या आणि हसऱ्या डोळ्यांचा नुसता पांढरा भाग दाखवला, चेहरा नाही, नाक नाही, काही नाही, आणि तोही १७ मिलिसेकंद, लगेच वर दुसरं चित्र, म्हणजे 'मी काहीतरी बघितलं' हेही कळू नये. तरी घाबरलेल्या डोळ्यांच्या मोठ्या पांढऱ्याला अमिग्डालानं प्रतिसाद दिला. मग तेच चित्र उलटं केलं, पांढऱ्याचं काळं, आकार तोच. अमिग्डाला गप्प!

दुसरा २०१३ सालचा. एका माणसाचे डोळे चांगले पण मेंदूतला दृश्य कॉर्टेक्स दोन्ही बाजूंनी निकामी, त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याला स्कॅनरमध्ये झोपवून समोर चेहरे दाखवले, काही त्याच्याकडे रोखून बघणारे, काही बाजूला बघणारे. त्याला चेहराच दिसत नव्हता, पण रोखून बघणाऱ्या चेहऱ्यांना त्याचा अमिग्डाला जास्त प्रतिसाद देत होता. म्हणजे 'माझ्याकडे कुणीतरी बघतंय' हे मेंदूला कळायला 'मला दिसतंय' हे कळावंच लागतं असं नाही.

आता ही वाट सगळ्यांची सारख्या आवाजात वाजत नाही. ऑटिझम असलेल्या लोकांबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं की ते डोळ्यात बघत नाहीत कारण त्यांना माणसात रस नाही. २०१७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या टीमनं त्यांना चेहऱ्यांचे व्हिडिओ दाखवले आणि नजर डोळ्यांवरच ठेवायला लावली, तर हीच जुनी वाट, कॉलिक्युलस, पल्विनार, अमिग्डाला, प्रमाणाबाहेर पेटली. म्हणजे रस नाही असं नव्हे, आवाज फार मोठा येतो म्हणून ते नजर काढून घेतात. अशा पोराची हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' म्हणणारे मास्तर आणि नातेवाईक अजून आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं. आणि ज्यांना ऑटिझम नाही पण नजर जड जाते, त्यांच्यातही ही वाट कमी-जास्त तापत असणार असा माझा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या.

आता म्हशीकडे या. तिचा डोळा मोठा, काळाभोर, पांढरं जवळपास झाकलेलं, आणि डोक्याच्या बाजूला बसवलेला, त्यामुळे तिचे दोन्ही डोळे माणसासारखे तुमच्यावर एकदम सहसा रोखले जात नाहीत, तुम्ही बहुतेक वेळा एकाच डोळ्यात बघता. बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं भोक, तीही गोल नाही, आडवी. चरणाऱ्या जनावरांत ती तशीच असते, जमिनीलगत दोन्हीकडचं लांबवर दिसावं म्हणून, आणि चरायला मान खाली घातली की डोळा खोबणीत फिरून बाहुली परत जमिनीला समांतर होते. बाहुलीवर अख्खा वेगळा लेख होईल, राहू दे. मुद्दा हा की त्या जुन्या वाटेला हवी असलेली काळ्या-पांढऱ्याची खूण म्हशीच्या डोळ्यात नाहीच. अपवाद एकच, जनावर बुजलं की. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं म्हशी पळवतात तेव्हा बघा, एखादी बिथरली की डोळ्याची पांढरी कड दिसते आणि आपण विचार न करता दोन पावलं मागं होतो. नॉर्वेत २००२ साली गायींवर हे मोजलंय, खाद्य डोळ्यासमोर पण पारदर्शक पेटीत बंद, तर गायींच्या डोळ्यातलं पांढरं जास्त दिसायला लागलं, आणि ज्यांना खायला मिळालं त्यांचं कमी झालं.

कुत्र्यांचंही तसंच काहीसं. लांडग्याचं बुबुळ पिवळट, फिकट, त्यात काळी बाहुली उठून दिसते. पाळीव कुत्र्यांची बुबुळं सरासरीनं गडद. २०२३ साली जपानमध्ये लोकांना एकाच कुत्र्याचे दोन फोटो दाखवले, एकात बुबुळ गडद केलेलं, एकात फिकट, तर गडदवालं जास्त प्रेमळ आणि लहान वाटलं. बाहुली कुठंय ते नीट दिसत नाही, म्हणून टोचत नाही.

एवढ्यानं भागत नाही, भाषेचाही हिशोब आहे. क्योटो विद्यापीठात २०१६ साली लोकांना एक नाम द्यायचे आणि त्याला जुळणारं क्रियापद सांगायला लावायचे, समोर स्क्रीनवर एक चेहरा. सोप्या शब्दांना काही फरक पडला नाही, पण अवघड शब्द आला आणि चेहरा डोळ्यात बघत असला की लोक अडखळायचे. शब्द शोधणं आणि नजर सांभाळणं दोन्ही एकाच साठ्यातून खर्च होतं. साहेबांसमोर तुम्ही उत्तर शोधताय, त्यांचा चेहरा वाचताय, आपला कसा दिसतोय ते सांभाळताय, आणि वर नजर. मांजरासमोर यातलं काहीच करायचं नसतं. विचार करताना पोरगं छताकडे बघतं तेव्हा ते उद्धट नसतं, विचार करत असतं. म्हणून 'सत्तर टक्के वेळ डोळ्यात बघा' वगैरे आकडे फेकणाऱ्या पर्सनॅलिटीवाल्यांना विचारा हा आकडा आणला कुठून.

इथं कुणीतरी ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळिकीशी जोडलं जाणारं हार्मोन, काढणारच. हो, २०१५ साली जपानमध्येच दाखवलं की मालक आणि कुत्रं अर्ध्या तासात एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही लघवीत ऑक्सिटोसिन वाढलं, आणि माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत तसं काही झालं नाही. सुंदर प्रयोग आहे. पण म्हणून त्याला 'लव्ह हार्मोन' म्हणून स्प्रे विकणाऱ्यांच्या मागं लागू नका. स्प्रे मारला की माणसाचा माणसावर विश्वास वाढतो हा २००५ सालचा गाजलेला निष्कर्ष २०२० साली मोठ्या प्रयोगात परत मिळाला नाही. आणि नजर लागते म्हणून जनावराच्या गळ्यात काळं बांधणाऱ्यांसाठी: डोळ्यातून काही बाहेर जात नाही, उजेड फक्त आत येतो, हे इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञानं अकराव्या शतकात सांगून ठेवलंय.

मांजराचं थोडं वेगळं. मांजरा-मांजरांत रोखून बघणं म्हणजे भांडणाची तयारी, म्हणून तिच्याकडे बघताना डोळे हळू अर्धे मिटा आणि उघडा. इंग्लंडमध्ये २०२० साली तपासलंय, अनोळखी माणसानं असं केलं तर मांजर त्याच्याकडे यायची शक्यता वाढते.

शेवटचं, आणि हे कामाचं. वर लिहिलेलं सगळं शांत, पाळीव जनावराचं आहे. रात्री रंकाळ्यावरनं घरी येताना भटकं कुत्रं गुरगुरलं तर त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, त्याच्या हिशोबात ते आव्हान असतं. नजर बाजूला, पळायचं नाही, पाठ न करता हळू सरकायचं. आणि चावलंच तर हळद, चुना, मिरचीपूड असलं काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस चालू करायची. खरचटलं असलं तरी.