भिंतीतला वड कुंडीत आणायचा म्हणजे नक्की काय करायचं

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा मांडवीच्या आसपासच्या पोळांमधे, म्हणजे गल्लीवजा जुन्या वस्त्यांमधे, जुनी घरं अजून बऱ्यापैकी शिल्लक आहेत आणि त्यांच्या भिंतीतून, छज्ज्याखालून, पावसाच्या पायपामागून वड पिंपळ उगवलेले दिसतातच. पक्षी फळं खातात, बी शिटेबरोबर विटांच्या दर्जेत पडतं, चुन्याला थोडी ओल असली की झालं काम. घरमालक वैतागतो, कडिया (गवंडी) सांगतो की मूळ आत गेलंय, भिंत फुटेल, आणि बोन्सायचं वेड असलेला माणूस खाली उभा राहून बघत असतो की खोड किती जाड झालंय.

कारण बोन्सायमधे सगळा खेळ खोडाचा आहे. खोड जाड होतं ते सालीच्या आत असलेल्या कॅम्बियम नावाच्या पातळ थरामुळे, तो आतल्या बाजूला नवीन लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवीन साल बनवत राहतो, पण त्याला लागणारी साखर येते पानांतून. पानं भरपूर तर लाकूड भरपूर. कुंडीतल्या झाडाला आपण पानं ठेवतोच मोजकी, मग खोड कुठून भरणार? नर्सरीतून पेन्सिलीएवढं रोप आणून ते छोट्या कुंडीतच मनगटाएवढं करायचं म्हटलं तर अर्धं आयुष्य जाईल. म्हणून जपानमधे डोंगरातून तयार खोडाची झाडं उकरून आणायची पद्धत पडली, तिला यामादोरी म्हणतात. शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगराच्या कड्यांवरून लोक दोराला लटकून शिंपाकू ज्युनिपर नावाची सूचिपर्णी झाडं काढायचे, आणि सहज हाताशी येतील तेवढी झाडं त्यांनी केव्हाच संपवली. बर्फाने दाबलेली, वाऱ्याने वाकवलेली, खडकाच्या फटीत उपाशी राहिलेली ती झाडं बागेत मुद्दाम घडवता येत नाहीत.

आपल्याकडे बर्फ नाही, भिंत आहे. भिंतीतला वड जातीने बुटका नसतो बरं का, तेच बी कमाटी बागेत जमिनीत पडलं असतं तर वीस मीटर वर गेलं असतं. मुळांना जागा नाही, पाणी फक्त पावसाळ्यात, नायट्रोजन जवळपास नाहीच, त्यामुळे दोन पानांमधलं अंतर कमी पडतं, शेंडा सुकतो, बाजूचा डोळा (कोंब) फुटतो, तोही सुकतो, आणि असं करत करत खोडाला वळणं पडतात जी आपण फांदीला तार गुंडाळून कितीही प्रयत्न केले तरी इतकी खरी वाटत नाहीत. शिवाय ही मंडळी मुळात अशाच जागी जन्मायला तयार झालेली आहेत. जंगलातही वडाचं बी बरेचदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं आणि मातीपर्यंत मुळं पोचेपर्यंत तिथेच दिवस काढतं. त्यासाठी लहान रोपाचं मूळ फुगून गाठीसारखं होतं आणि त्यात पाणी आणि स्टार्च साठतं. उपटल्यावर वड जगतो आणि आंबा बहुतेक वेळा मरतो त्यामागे या साठ्याचा हात मोठा आहे.

आता काढायचं कधी? उन्हाळ्यात पाडकाम जोरात असतं त्यामुळे झाडं मेमधेच समोर येतात आणि तोच सगळ्यात वाईट महिना. झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नाही, टोकाकडच्या केसासारख्या बारीक मुळांनी, आणि उपटताना नेमकी तीच तुटतात. दुसरीकडे पानांची छिद्रं उघडी, हवा पाणी ओढतेय, खोडातल्या नळ्यांमधला पाण्याचा धागा ताणला जातोय, जास्त ताण आला की त्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कामातून जाते. हवेची ही ओढ किती ते मोजता येतं. मेच्या दुपारी ४२ डिग्री आणि २० टक्के ह्युमिडिटी असेल तर ओढ साधारण साडेसहा किलोपास्कल (हे दाबाचं एकक) येते, आणि जुलैत ३० डिग्री, ८५ टक्के असताना ती पाऊण किलोपास्कलपेक्षाही कमी असते. म्हणजे सरळ दहापट फरक! तेच झाड, तीच छिन्नी, तोच माणूस, फक्त दीड दोन महिने थांबलं तर पानांमधून उडणारं पाणी इतकं कमी होतं, म्हणून घरमालकाच्या हातापाया पडून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत मुदत मागून घ्यावी. थंड देशातले लोक कळ्या फुटायच्या आधी, थंडी संपता संपता झाडं काढतात कारण त्यांची झाडं झोपलेली असतात, आपल्या वडाला मात्र काढल्या काढल्या मुळं फोडायला ऊब आणि दमटपणा दोन्ही लागतं.

काढताना झाडाला धरून ओढायचं नाही. मुळाच्या वरची आणि खालची वीट छिन्नीने सुटी करायची, चुना भुसभुशीत असतो, तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढता येतो. आत बघाल तर मूळ गोल नसतंच, दर्जेच्या मापाने चपटं होऊन आडवं पसरलेलं असतं, वर विटेच्या कडेचा ठसा, कधी कधी विटेचा तुकडा मुळाने इतका गच्च धरलेला असतो की तो तसाच ठेवावा, पुढे शोभा त्यालाच येते. कापलं की पांढरा चीक धो धो येतो. त्याला घाबरू नका, त्यात रबराचे कण असतात, ते सुकून जखम बंद करतात, किड्यांनाही दूर ठेवतात, पाण्याचा फवारा मारला की लवकर थांबतो. हाताला लागलेला साबणाने जात नाही, खोबरेल तेल लावा. मुळं लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळायची, स्कूटरवरून घरी नेताना वारा लागला तरी बारीक मुळं मिनिटांत वाळतात.

घरी आल्यावर पानं जवळपास सगळी काढून टाकायची. वडाच्या जुन्या लाकडातही झोपलेले डोळे असतात, साठ्यावर तो परत फुटतो. हे ज्ञान पाइन किंवा ज्युनिपरला लावायला जाऊ नका, पानं नसलेल्या त्यांच्या जुन्या फांदीतून सहसा काहीच फुटत नाही, म्हणून परदेशी व्हिडिओ बघून इथल्या झाडाची शस्त्रक्रिया करणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही आणि उलटही नाही.

मग येते माती, आणि इथे बडोद्याचे लोक हमखास फसतात कारण अंगणातली काळी माती फुकट मिळते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि हवेच्या जागा बंद होतात, मुळांना तर श्वास घ्यायला ऑक्सिजन हवा. त्यात कुंडीची एक गंमत आहे. कुठल्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक थर चिंब राहतो आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नाही, मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, गळायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी गळेल! पसरट कुंडी म्हणजे आडवा स्पंज. म्हणून बारीक माती आणि पसरट कुंडी हे कॉम्बिनेशन मुळं कुजवतं. विटांचे चण्याएवढे तुकडे, पावडर चाळून टाकलेली, त्यात जाड रेती आणि थोडं गांडूळखत, एवढ्यावर भागतं. पहिल्या वर्षी तर बोन्सायची कुंडी नकोच, खोल घमेल्याला भोकं पाडा, झाड सुतळीने घट्ट बांधा कारण हललं की नवीन मुळं तुटतात, वरून पारदर्शक प्लॅस्टिक आणि जागा सावलीची. पानं येतील, आनंद होईल, पण त्या पानांवर जाऊ नका, ती साठ्यातून आलेली असू शकतात. खाली मुळं झाली की नाही ते दुसऱ्या खेपेच्या पालवीवरून कळतं. तोपर्यंत खत नाही, तार नाही, आणि रोज हलवून बघणं तर अजिबात नाही.

पोळांमधल्या आजी म्हणतात पिंपळ घरात ठेवू नये रे, आणि कोणी सांगतं बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, त्याचं आयुष्य कमी होतं. पहिल्यावर मी वाद घालत नाही, गच्ची घरात धरायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. दुसरं मात्र खोटं आहे. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल अर्बोरेटममधे एक पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला, १९४५ मधे हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो यामाकी कुटुंबाच्या तिथल्या आवारात होता, वाचला, आणि १९७६ मधे जपानने तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षं पाणी घालणारे हात बदलत गेले, झाड तेच.

छळ म्हणायचाच तर जंगलातून उपटण्याला म्हणा. पावागडच्या खडकात आणि जांबुघोड्याकडे सुंदर झाडं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय झाड उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चांपानेर-पावागड २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कड्यावरचं झाड तिथे माती धरून बसलंय. विश्वामित्री नदीच्या काठावर जायचा मोह तर मगरींमुळे आपोआपच होत नाही. भिंतीतलं झाड नाहीतरी तोडलं जाणार असतं, मालकाला विचारून घ्या, तो उलट चहा पाजेल.

दुसरं वर्ष पार पडलं की तार. फांदी वाकवून तारेत ठेवली की ती तशीच का राहते? कारण वाकलेल्या अवस्थेत कॅम्बियम नवीन लाकूड बसवतो, आणि रुंद पानांच्या झाडात फांदीच्या वरच्या बाजूला खास ओढून धरणारं लाकूड तयार होतं. अशाच लाकडामुळे वडाच्या जातीतल्या पारंब्या जमिनीला टेकल्यावर आखडून ताठ होतात. पावसाळ्यात वड इतका भराभर जाड होतो की तार काही आठवड्यांत सालीत रुतते, म्हणून रोज सकाळी पाणी घालताना बोट फिरवून बघावं आणि रुतायला लागली की उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढावी.

आणि सुरुवात करणाऱ्याने पिंपळ घेऊच नये. कितीही छाटला तरी त्याचं पान आणि लांब देठ खोडाच्या मानाने मोठंच दिसतं. वडाचं पान छाटणीने बरंच लहान होतं पण त्याला वेळ लागतो. नांदरुक (वडाचाच भाऊबंद) मिळाला तर डोळे झाकून उचला, पान मुळात लहान, कापलेली जागा लवकर भरते, दोन मुळं एकमेकांना टेकली तर चिकटून एक होतात, आणि चार दिवस गावाला जाऊन आलात तरी तो तुमच्यावर रुसत नाही.