रॉ फोटोसाठी सॉफ्टवेअर निवडताना: ओपन सोर्स की विकतचं?

प्रिंट काढायला येणारे ग्राहक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) डेव्हलप करायला फुकटचं, ओपन सोर्स म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर चालतं का, की पैसे मोजायलाच हवेत? उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून हे पत्रक. आम्ही यातलं एकही सॉफ्टवेअर विकत नाही, कुणाकडून कमिशनही घेत नाही. आमचा धंदा प्रिंटचा. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते कागदावर काय उतरतं हे बघून लिहिलं आहे.

फोटो उघडला आणि रंगच उडाले

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. डार्कटेबल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर घेतलं, थंबनेल झकास दिसतंय. डबल-क्लिक केलं आणि डोळ्यांदेखत फोटो फिका पडला, चेहऱ्यावरची चमक गेली. "सॉफ्टवेअरने फोटो बिघडवला", असं म्हणून माणूस ते काढून टाकतो.

बिघडलेलं काहीच नसतं. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला एक जेपेगही असतो. सुरुवातीला दिसतो तो जेपेग. त्यात कॅमेरा कंपनीने कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो, रंग गडद केलेले असतात, धार लावलेली असते. डबल-क्लिक केल्यावर दिसते ती खरी रॉ, आणि तिला अजून कुणी हात लावलेला नसतो.

मुळात रॉ म्हणजे चित्र नव्हे, मोजमापं. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूसमोर एकाच रंगाची फिल्टर असते: चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी, तिचं पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक बिंदूला एक रंग मोजलेला मिळतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. याला डीमोझेकिंग म्हणतात. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. त्या १६,३८४ पायऱ्यांमधून डोळ्याला बरं वाटेल असं चित्र बनवायचं, तर कुणीतरी ठरवावं लागतं की सावली किती उचलायची, आकाश किती दाबायचं, त्वचा किती उबदार ठेवायची.

ॲडोबीचं विकतचं लाइटरूम हे तुमच्या वतीने ठरवून टाकतं. उघडल्या उघडल्या ॲडोबीची स्वतःची रंग-प्रोफाइल आणि कर्व्ह (उजेड-सावलीचं प्रमाण ठरवणारी रेषा) लागलेले असतात. कॅप्चर वन हे दुसरं विकतचं सॉफ्टवेअरही प्रत्येक कॅमेऱ्यासाठी बनवलेली स्वतःची प्रोफाइल लावतं, आणि त्वचेच्या रंगांसाठी ते नावाजलेलं आहे. ओपन सोर्समधल्या रॉथेरपीने मधला रस्ता काढला: त्यातला ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह फाइलमधला जेपेग बघून साधारण तसाच कर्व्ह रॉला लावतो, म्हणून तिथे पहिला धक्का कमी बसतो. डार्कटेबल मात्र मुद्दाम तटस्थ सुरुवात करतं. एक्सपोजर थोडं वर, फिल्मिक किंवा सिग्मॉइड या मॉड्यूलने (म्हणजे एका कामाच्या साधनाने) उजेडाचा पल्ला पडद्यात बसवलेला, बाकी तुम्ही बघा.

म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत दोन सॉफ्टवेअरमध्ये जो फरक दिसतो, तो बहुतेक त्यांच्या सुरुवातीच्या आवडीनिवडीचा असतो. दोन्हींकडे तेवढाच वेळ दिलेले फोटो मध्यम आकारात छापून शेजारी ठेवले, तर कुठला कशात केला हे आम्हालाही ओळखता येत नाही.

एक अवघड फाइल जवळून

रंगमंचावर गाणारी व्यक्ती, तोंडावर लाल एलईडीचा झोत, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४००. अशा फाइलमध्ये गालावर लाल रंगाची मोजणी छतापर्यंत जाऊन कापलेली असते. हिरवा आणि निळा अजून जागेवर असतात. तिथे मूळचा लाल किती होता ही माहिती फाइलमध्ये नाहीच. जे सॉफ्टवेअर घ्याल ते अंदाजच करणार.

लाइटरूममध्ये तुमच्या हातात हायलाइट्सचा स्लायडर येतो. आत कोणता अंदाज बांधला गेला ते दिसत नाही आणि बदलताही येत नाही. बहुतेक वेळा तो बरा असतो. डार्कटेबलमध्ये हायलाइट रिकन्स्ट्रक्शन नावाचं वेगळं मॉड्यूल आहे आणि त्यात अनेक पद्धती निवडायला ठेवल्या आहेत: एक शेजारच्या बिंदूंवरून रंग भरते, दुसरी कापलेले भाग तुकड्यातुकड्याने हाताळते, तिसरी जास्त वेळ घेऊन गुळगुळीत उतार काढते. गालावर गुलाबी चकंदळ उमटलं तर पद्धत बदलून बघता येते. पण त्यासाठी असं मॉड्यूल आहे हे माहीत हवं, आणि ते शिकायला कुणी हाताला धरून बसवत नाही.

याच फाइलमधला नॉइज (दाणेदारपणा) ही वेगळी गोष्ट, आणि तिथे विकतचं सॉफ्टवेअर सरळ पुढे आहे. डीएक्सओ या कंपनीचं डीपप्राइम हे साधन २०२० मध्ये आलं. ते डीमोझेकिंग आणि नॉइज काढणं न्यूरल नेटवर्कने एकत्रच करतं. ॲडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये त्याच जातीचं डिनॉइज दिलं. डार्कटेबलचं प्रोफाइल्ड डिनॉइज कॅमेरा आणि आयएसओनुसार आधी मोजून ठेवलेल्या नॉइजवर चालतं आणि मध्यम आयएसओपर्यंत उत्तम काम देतं. पण आयएसओ ६४०० च्या वरची फाइल भिंतीएवढी छापायची म्हटली की केसांच्या बटा आणि कापडाचा पोत यांत फरक उघड दिसतो. पोस्टकार्ड आकारात अजिबात दिसत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

पैसे कशाचे मोजायचे

नॉइजनंतरचं दुसरं खरं कारण मास्क, म्हणजे फोटोतला ठरावीक भागच निवडून बदलण्याची सोय. मुख्य विषय किंवा आकाश आपोआप निवडणारे मास्क लाइटरूममध्ये २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आले. समारंभाचे पाचशे फोटो असतील तर एका फोटोवरचा मास्क बाकीच्यांवर पाठवला की प्रत्येक फोटोतली व्यक्ती नव्याने शोधली जाते. ज्यांचं पोट यावर आहे त्यांचा वेळ इथे वाचतो. डार्कटेबलचे मास्क हाताने काढायचे किंवा उजेड, रंगछटा अशा गुणांवरून आखायचे. अचूकपणात ते कमी नाहीत, उलट जवळपास प्रत्येक मॉड्यूलला लावता येतात. पण पाचशे फोटोंना नाही पुरत.

तिसरं कारण स्टुडिओतलं: कॅमेरा केबलने जोडून फोटो थेट पडद्यावर बघायचा असेल तर कॅप्चर वनसारखी सोय दुसरीकडे मिळणं कठीण. डार्कटेबलमध्येही जीफोटो२ या ओपन सोर्स साधनाच्या आधाराने टेदरिंग (असं केबलने जोडून काम करणं) आहे, पण क्लायंट शेजारी उभा असताना आम्ही त्यावर भिस्त ठेवणार नाही.

लेन्सच्या दोषांबाबत चित्र संमिश्र आहे. डीएक्सओ लेन्स-कॅमेऱ्याच्या जोड्या स्वतःच्या प्रयोगशाळेत मोजतं. ओपन सोर्सवाले लेन्सफन या सामाईक संग्रहावर अवलंबून असतात, त्यात लोकांनी मोजून दिलेली माहिती आहे. प्रचलित लेन्स सापडते, अनवट सापडेलच असं नाही. मात्र बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत दुरुस्तीची माहिती रॉमध्येच लिहिलेली असते आणि डार्कटेबल आता ती वाचतं.

फुकटातल्यांची ताकद

"फुकट म्हणजे कमअस्सल" हा समज डोक्यातून काढा. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला डीसीरॉ हा छोटा प्रोग्रॅम पुढे अनेक सॉफ्टवेअरच्या पायात गेला, त्यात विकतचीही होती. रॉथेरपी २००४ मध्ये सुरू झालं आणि २०१० पासून ओपन सोर्स आहे. डार्कटेबलची पहिली आवृत्ती २००९ ची. विंडोजवर ते अधिकृतपणे आलं डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणून पुष्कळांना ते नवखं वाटतं.

प्रिंटच्या दृष्टीने आम्हाला रॉथेरपीतली दोन गोष्टींची जोड फार आवडते. एक, ॲमेझ ही डीमोझेकिंगची पद्धत, जी कमी आयएसओच्या फाइलमधून बारीक तपशील काढते. दोन, कॅप्चर शार्पनिंग, जे लेन्समुळे आलेला मऊपणा रॉच्या टप्प्यावरच भरून काढतं. पान, वीण, दगडाचा पोत अशा विषयांचे मोठे प्रिंट यातून सुरेख येतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की रॉथेरपीत ज्या साधनांपुढे १:१ असं चिन्ह आहे त्यांचा परिणाम शंभर टक्के झूमलाच नीट दिसतो. झूम न करता स्लायडर ओढत बसलात तर कागदावर खरखरीत धार येईल आणि खापर आमच्या मशीनवर फुटेल.

लिनक्स वापरत असाल तर निवड जवळपास झालेलीच आहे: लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ तिथे थेट चालत नाहीत.

निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे फुकट आहेत, पण ओपन सोर्स नाहीत. कॅमेऱ्याच्या जेपेगसारखाच रंग हवा असेल तर आधी तेच बघा. अर्थात कॅमेऱ्याची कंपनी बदलली की तिथलं काम तिथेच राहिलं.

नवा कॅमेरा घेतला असेल तर

नवं मॉडेल बाजारात आल्यावर ॲडोबी सहसा लवकर आधार देतं. ओपन सोर्समध्ये कुणीतरी नमुना-फायली द्याव्या लागतात, मग पुढच्या आवृत्तीची वाट. कॅननची सीआर३ फाइल २०१८ च्या ईओएस एम५० बरोबर आली. डार्कटेबल ती वाचू लागलं ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये. उलट उदाहरणही आहे. फुजीफिल्मचा एक्स-ट्रान्स हा वेगळ्या रंगमांडणीचा सेन्सर २०१२ मध्ये आला. डार्कटेबलने त्याला २०१४ मध्ये आधार दिला, आणि डीएक्सओ फोटोलॅबला मात्र २०२१ उजाडावं लागलं. तेव्हा कॅमेरा घेण्याआधी त्याचं नाव सॉफ्टवेअरच्या यादीत शोधा, आणि नावासोबत रॉचा प्रकारही. काही कॅमेऱ्यांत कॉम्प्रेस केलेल्या रॉचे दोन-तीन पर्याय असतात आणि त्यातला एखादाच उघडत नाही.

अडलंच तर रॉ फाइल डीएनजी या अनेक सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या प्रकारात बदलणारा ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे. मूळ रॉ मात्र पुसू नका.

केलेल्या कामाचं पुढे काय होतं

हा भाग कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते निवडीचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

रॉ फाइलमधली मूळ मोजमापं कोणतंही सॉफ्टवेअर बदलत नाही; तुम्ही काय काय केलं याची नोंद वेगळी ठेवतं. लाइटरूम क्लासिक ती कॅटलॉग या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. फोटोशेजारी एक्सएमपी फाइल लिहिण्याची सोय आहे, पण मुळात ती बंद असते. आजच सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करा. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी लिहितं, रॉथेरपी पीपी३ लिहितं. यातलं एकाचं दुसऱ्याला जवळजवळ कळत नाही. तारे, कीवर्ड, मथळे जातात. लाइटरूमचा क्रॉप आणि थोडंफार आणखी काही डार्कटेबलला वाचता येतं. बाकी मेहनत मागे राहते.

लाइटरूम वर्गणीवर मिळतं; ती थांबवल्यावर लाइटरूम क्लासिक फोटो दाखवतं, एक्सपोर्टही करू देतं, पण डेव्हलप मॉड्यूल बंद होतं. कायमच्या परवान्याचं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं सहावं. त्याच्या सुधारणा २०१७ अखेर थांबल्या. कॅप्चर वन आणि डीएक्सओ एकरकमी परवाना देतात, तोही विचारात घ्या. आणि एकरकमी म्हणजे कायमचं असंही नाही: ॲपलने ॲपर्चर हे लोकप्रिय सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं, आणि त्यात वर्षानुवर्षं केलेलं काम दुसरीकडे हलवताना लोकांच्या नाकी नऊ आले. ओपन सोर्स प्रकल्पही मंदावतात, पण आज उतरवून ठेवलेली आवृत्ती कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

त्यामुळे कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, पण निवडक फोटोंचं १६ बिट टिफ (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी तयार चित्राची फाइल) काढून ठेवा. दोन्हीकडचं चांगलं घ्यायलाही हरकत नाही. आमचे काही ग्राहक फक्त जास्त नॉइजच्या फायली डीएक्सओ प्युअररॉमधून लिनियर डीएनजी (डीमोझेकिंग झालेली डीएनजी) करून आणतात आणि पुढचं सगळं डार्कटेबलमध्ये करतात. फाइल बरीच फुगते, पण व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) बदलण्याची मुभा शाबूत राहते.

छंद म्हणून महिन्याला थोडेच फोटो करणाऱ्याला आमचा सल्ला रॉथेरपीचा. शिकायची हौस असेल तर डार्कटेबल, पण त्यात व्हाइट बॅलन्सचं जुनं मॉड्यूल कॅमेरा रेफरन्सवर राहू द्या आणि रंग कलर कॅलिब्रेशनमधून बदला. दोन्हीकडे हात घातलात तर इशारा येतो आणि रंग भलतीकडे जातात. समारंभांचं काम घेणाऱ्याने लाइटरूमची वर्गणी खर्चात धरावी, स्टुडिओवाल्याने कॅप्चर वनची चाचणी आवृत्ती आधी वापरून पाहावी.

आमच्याकडे फाइल देताना

१६ बिट टिफ द्या, एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी ही रंग-प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेली असू द्या. एक्सपोर्ट करताना आकार बदलू नका आणि प्रिंटसाठीची शेवटची धार लावू नका. कागद बघून ती आम्ही लावतो. रॉच देणार असाल तर सोबतची एक्सएमपी किंवा पीपी३ फाइल विसरू नका, आणि काम कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत केलं ते लिहा. प्रिंट काळपट आल्याची तक्रार येते तेव्हा दोष बहुधा मॉनिटरचा असतो: उजेड पूर्ण वाढवलेल्या पडद्यावर केलेला फोटो कागदावर गडदच येणार. मॉनिटर ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान ठेवा. मोजायचं साधन नसेल तर मोठ्या ऑर्डरआधी एकाच फोटोचा छोटा नमुना-प्रिंट मागा.