राजगड पळत चढणारा चंद्रतालला का आडवा झाला?

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात फिट मुलगा डोंबिवलीचा, राजगड तर पळतच चढतो म्हणा ना, आणि हिमाचलमधल्या चंद्रताल तलावाला पहिल्याच रात्री हा आडवा. डोकं ठणकतंय, उलट्या, जेवण नको. माझा स्टॅमिना त्याच्या निम्मा, तरी मला नुसतं डोकं जड. मुंबईहून जाणारे बरेच जण सह्याद्री झाला म्हणजे हिमालयाची तयारी झाली असं धरून चालतात, आम्हीही तेच केलं होतं.

कळसूबाई १६४६ मीटर, चंद्रताल सुमारे ४२५०. वर ऑक्सिजन कमी असतो म्हणतात पण हवेतलं त्याचं प्रमाण दादरला जेवढं तेवढंच तिथे, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. गोधड्यांची चळत आठवा, सगळ्यात खालची कशी चेपलेली असते, मुंबईची हवा म्हणजे ती खालची गोधडी. चंद्रतालला दाब आपल्या साधारण ६० टक्के, म्हणजे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन ४० टक्के कमी. कळसूबाईवर दाब ८० टक्क्यांच्या वर असतो, तिथे शरीराला हे कळतच नाही.

चंद्रतालला मात्र शरीर आपोआप जोरात श्वास घेतं, पण त्यात कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो, आणि श्वास कधी घ्यायचा हे मेंदू बरंचसं त्याच्यावरूनच ठरवतो, त्यामुळे रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून उठतो. आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग: हे सावरते किडनी! कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे रक्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) झालेलं असतं, किडनी बायकार्बोनेट हा अल्कलाइन घटक लघवीतून बाहेर टाकून ते जागेवर आणते, पण त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवून घेते (डॉक्टरांना विचारूनच घ्या). पायात कितीही ताकद असली तरी किडनी घाई करत नाही.

३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. आम्ही मनालीहून, म्हणजे २००० मीटरवरून, अटल बोगद्यातून एका दिवसात थेट वर! डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरा, मेंदूला सूज किंवा फुफ्फुसात पाणी, दोन्हीत जीव जातो.

त्याला पहाटेच खाली आणलं, दुपारपर्यंत तो स्वतःहून जेवायला मागत होता. पुढच्या वर्षी शिमल्याकडून गेलो, कल्पा, ताबो, काझा असे मुक्काम करत, आणि यावेळी तलावाच्या काठाने तो माझ्या पुढे चालत होता.